हाताची घडी

गुरुवार, रात्री उशिरा

विभागीय बास्केटबॉल स्पर्धा आमच्यापुरती संपली. सतरा वर्षांखालच्या मुली, उपांत्य फेरी, चार पॉइंटनी गेलो. येताना गाडीत ठाण्यापर्यंत रडारड, मग स्टेशनवर वडापाव, आणि नेरूळ येईपर्यंत एकमेकींच्या नकला करून खिदळणं सुरू. हरल्याचं मला फारसं लागलं नाही. समोरच्या मुली उंच होत्या, रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत उडालेले बॉल, त्यांचेच होते, आणि खरं सांगायचं तर त्या आमच्यापेक्षा बऱ्या खेळल्या.

लागलंय ते वेगळंच. पहिल्या पाचातल्या चार मुली दहावीत आहेत. जानेवारीत पूर्वपरीक्षा, मग बोर्ड. उद्यापासून त्या येणार नाहीत. 'ताई, परीक्षा झाली की नक्की येते' असं प्रत्येक जण म्हणते आणि मनापासून म्हणते. मग अकरावी, क्लास, लांबचं कॉलेज. क्वचित एखादी परत येते.

खेळत होते तेव्हा हे कळायचं नाही. तेव्हा संघ म्हणजे मी आणि माझ्या आजूबाजूच्या चौघी. त्या जिथे, तिथे संघ. आता कोच म्हणून बघते, तर दर वर्षी याच सुमाराला संघ विस्कटतो आणि मी सहावीतल्या, बूट उलटसुलट बांधणाऱ्या मुलींपाशी परत येते.

अशा वेळी मी अमेरिकेतल्या कोच डॉन स्टॅलीचं २०२३ आणि २०२४ आठवते. तिच्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुली २०२३ साली एकही सामना न हरता, ३६ विजय घेऊन विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचल्या आणि आयोवा विद्यापीठाकडून ७७-७३ अशा हरल्या. आयोवाच्या केटलिन क्लार्कने एकटीने ४१ पॉइंट काढले. त्यानंतर स्टॅलीच्या सुरुवातीच्या पाचही खेळाडू विद्यापीठ सोडून पुढे गेल्या. पाचही! पुढच्या मोसमात तिने बेंचवरच्या आणि नवीन आलेल्या मुली घेऊन संघ उभा केला आणि तो ३८ पैकी ३८ सामने जिंकला. अंतिम सामन्यात समोर पुन्हा आयोवाच, ८७-७५. तिच्या सगळ्या ट्रॉफ्यांत मला ही मोठी वाटते.

झोपायला हवं. उद्या ऐरोलीला सकाळची मीटिंग आहे.

शुक्रवार

मीटिंगमध्ये लक्ष नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर लेअपची (धावत येऊन, उडी मारून रिंगजवळून बॉल टाकण्याची) पावलं काढत बसले होते. शेजारच्या सहकाऱ्याला वाटलं, मी रांगोळी काढतेय.

स्टॅलीबद्दल आज नीट लिहायचं आहे. तिची कारकीर्द सांगताना लोक पदकांची यादी वाचतात. यादी मोठीच आहे, पण मला रस आहे तो खेळाडूची कोच होते त्या मधल्या सांध्यात.

फिलाडेल्फियाच्या उत्तर भागातल्या गरीब वस्तीत वाढलेली मुलगी. उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे बास्केटबॉलच्या मानाने बुटकीच. मुलांबरोबर खेळून तयार झाली, व्हर्जिनिया विद्यापीठात गेली. १९९१ साली राष्ट्रीय अंतिम सामन्यात टेनेसी विद्यापीठाकडून जादा वेळेत ७०-६७ ने हरली. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली, पण ती हरलेल्या संघातून. विद्यापीठाचं विजेतेपद खेळाडू म्हणून तिला कधीच मिळालं नाही. १९९२ च्या ऑलिंपिक संघातही तिला घेतलं नाही. तेव्हा अमेरिकेत मुलींची व्यावसायिक लीग नव्हती, म्हणून तिने परदेशात जाऊन खेळायला सुरुवात केली. मग १९९६, २०००, २००४ अशी लागोपाठ तीन सुवर्णपदकं. अथेन्सच्या उद्घाटनात अमेरिकेचा झेंडा तिच्या हातात होता.

आता सांधा. अथेन्सला ती झेंडा घेऊन चालली, तेव्हा ती फक्त खेळाडू नव्हती. २००० सालापासून ती टेंपल विद्यापीठाच्या मुलींची मुख्य कोच होती. तिकडे विद्यापीठांचा मोसम हिवाळ्यात असतो आणि डब्ल्यूएनबीए, म्हणजे नंतर सुरू झालेली बायकांची व्यावसायिक लीग, उन्हाळ्यात, त्यामुळे हिवाळाभर शिकवायचं आणि उन्हाळाभर खेळायचं असं तिने २००६ पर्यंत चालवलं. निम्मं वर्ष स्वतः दुसऱ्या कोचचं ऐकायचं, निम्मं वर्ष मुलींनी आपलं ऐकावं म्हणून घसा कोरडा करायचा. शरीर कसं सांभाळलं असेल हा प्रश्न मला पडतच नाही. डोकं कसं बदललं असेल, हा पडतो.

कारण खेळणं आणि शिकवणं ही एकाच कामाची दोन टोकं नाहीत. साधा लेअप घ्या. उजव्या हाताने टाकताना आधी उजवं पाऊल, मग डावं, डाव्यावर उडी, उजवा गुडघा वर. डाव्या हाताने टाकताना सगळं उलट. चांगल्या खेळाडूला विचारा, 'डाव्या हाताच्या लेअपला पहिलं पाऊल कोणतं?' तिला पटकन सांगता येत नाही. ती म्हणते, थांब हं, आणि जागेवरच करून बघते. पायांना माहीत असतं, तोंडाला नसतं. कोच होणं म्हणजे पायांतलं तोंडात आणणं, आणि ते येईपर्यंत काही वर्षं जातात.

त्याहून अवघड म्हणजे रेषेबाहेर उभं राहणं. शेवटच्या मिनिटाला समोरचा संघ झोन, म्हणजे जागा वाटून घेतलेला बचाव, लावून बसला आहे, डाव्या कोपऱ्यात आपली मुलगी मोकळी आहे, तुम्हाला ती दिसते, पास देणारीला दिसत नाही. जी गोष्ट आयुष्यात सगळ्यात चांगली येते, नेमकी तीच करायची बंदी. शाळेत बाई सांगायच्या, हाताची घडी, तोंडावर बोट. कोचला त्यातलं अर्धं लागू. हाताची घडी कायमची, तोंड मात्र चालू.

पॉइंट गार्डला हे थोडं सोपं जात असावं. स्टॅली पॉइंट गार्ड होती, मीही, अर्थात विद्यापीठापर्यंतच (तुलना इथेच थांबते). बॉल पुढे आणताना कुणी कुठे जायचं हे गार्डच ओरडून किंवा बोटं दाखवून सांगते, २४ सेकंदांतली किती उरली ते डोक्यात मोजते, चिडलेल्या सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या उंच मुलीला, शांत करते. उंच मुलगी उंचीवर खेळून जाते. बुटकीला सगळ्यांचं सगळं माहीत असावं लागतं.

लोक म्हणतात, खेळाडू म्हणून हुकलेलं विजेतेपद स्टॅलीला कोच म्हणून मिळालं. २०१७, २०२२, २०२४. शिवाय टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण. ऐकायला छान आहे, मला पटत नाही. १९९१ ची ती तीन पॉइंटची हार तिथेच आहे, तशीच आहे. नंतरची विजेतेपदं त्या त्या वर्षीच्या मुलींची. त्यांच्या जिंकण्यातून आपला हिशेब चुकता करायला निघालेले कोच मी पाहिलेत. टाइम आउटमध्ये ते मुलींशी बोलत नाहीत, स्वतःच्या जुन्या सामन्याशी बोलतात.

गंमत म्हणजे १९९१ ला समोरच्या बेंचवर पॅट समिट होती. तीही खेळाडूच. १९७४ साली, बाविसाव्या वर्षी टेनेसीची मुख्य कोच झाली; संघातल्या काही मुली तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान. संघाची गाडी ती चालवायची, मुलींचे कपडे ती धुवायची. गुडघ्याच्या दुखापतीतून उठून १९७६ ला माँट्रियलमध्ये रौप्यपदक घेतलं. मुलींचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आलं तेच मुळी त्या वर्षी. १९८४ ला कोच म्हणून सुवर्ण, विद्यापीठाची आठ विजेतेपदं, १,०९८ विजय. पण मला तिची ती गाडी आणि ते कपडेच जवळचे वाटतात. बॉलची जाळीची पिशवी घेऊन ट्रान्स-हार्बरच्या लोकलला चढून बघा. ऐरोलीला आधी वाशीची गाडी येते, ती सोडायची. पनवेलची येते ती भरलेली. आणि दारातल्या बायका विचारतात, 'हे काय, फुटबॉल का?'

शनिवार

दुपारी एक पालक आले होते. आठवीतल्या मुलीला क्रिकेटला घालायचं म्हणतात. २ नोव्हेंबर २०२५ पासून हे तिसरं-चौथं घर असेल. त्यांना काय बोलणार? डी. वाय. पाटील स्टेडियम आमच्या कोर्टापासून चालत जाण्याइतकं. त्या रात्री तिथे भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा टीव्हीवरचा आवाज आणि खिडकीतून येणारा आवाज यांत टीव्हीच मागे पडत होता. मीही ओरडले, फटाकेही उडवले. आणि मुली क्रिकेटकडे जाताहेत म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. मुली मैदानात आहेत ना, पुरे.

त्या संघाचे कोच अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, भारताकडून एकही सामना नाही. स्टॅलीच्या अगदी उलट टोक. म्हणजे कोच व्हायला देशाकडून खेळलंच पाहिजे असंही नाही, आणि खेळलं की कोच होता येतंच असंही नाही.

आमच्याकडे अडतं ते वेगळ्या ठिकाणी. मुलगी बास्केटबॉल खेळते, तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांसमोर काय असतं? दहावीचे वाढीव गुण, नंतर सरकारी भरतीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, नशीब असेल तर रेल्वे. यात वाईट काही नाही. रेल्वेने नोकऱ्या दिल्या नसत्या तर देशातलं मुलींचं बास्केटबॉल कधीच आटलं असतं. अनिता पॉलदुराई दक्षिण रेल्वेतलीच. चेन्नईची, एकोणिसाव्या वर्षी भारताची कॅप्टन, बाळंतपणानंतर पुन्हा संघात परतलेली, २०२१ ची पद्मश्री, आणि नंतर कोच. माझ्या मुलींना तिचं नाव ठाऊक नव्हतं, अमेरिकेच्या स्टेफ करीचं मात्र सगळ्यांना. आता ठाऊक आहे. सांगितल्याशिवाय मी सोडणार नव्हते.

पण खेळण्यातून नोकरी लागते. शिकवण्यातून लागेल याची खात्री नसते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत जाऊन कोचिंगचा डिप्लोमा करून आलेल्या मुलीसुद्धा शाळेत पीटी शिकवतात आणि संध्याकाळी उरलेल्या वेळात कोचिंग करतात. २०१७ ला बंगळुरूत आशिया कपच्या ब गटात भारताच्या मुलींनी कझाकस्तानला निसटतं हरवून वरच्या गटात जागा मिळवली, तेव्हा बेंचवर सर्बियाचा कोच होता. माणूस चांगला होता, शिकवलंही चांगलं. तरी इतक्या वर्षांत देशाकडून खेळून थांबलेल्या बायका गेल्या कुठे, हे विचारावंसं वाटतंच. बहुतेक जणी रेल्वेच्या कार्यालयांत फाइली हलवत असतील. स्टॅलीने २०२१ साली सात वर्षांसाठी २ कोटी २४ लाख डॉलरचा करार केला आणि बायकांच्या कोचिंगला किती पैसे मिळायला हवेत हे उघडपणे बोलली. मला दरमहा जे मानधन मिळतं त्यात दोन बॉल येतात. बरे बॉल घ्यायचे तर एकच.

तिच्याबद्दलची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिकडे विजेतेपद मिळालं की शिडी लावून रिंगची जाळी कापतात. स्टॅलीसारखीच कृष्णवर्णीय कोच असलेल्या कॅरोलिन पेकने १९९९ ला जिंकलेल्या जाळीचा तुकडा स्टॅलीला देऊन ठेवला होता: तू जिंकलीस की परत कर. २०१७ ला स्टॅली जिंकली. मग तिने आपल्या जाळीचे तुकडे करून देशभरातल्या कृष्णवर्णीय महिला कोचना पाठवले.

आमच्या सेक्टरच्या कोर्टवर जाळी पावसाळ्यातच झडते, कापायची वेळ येत नाही. नवीन जाळीसाठी अर्ज दिलाय. बघू.

रविवार

कॅप्टनची आई काल रात्री फोनवर म्हणाली, 'मॅडम, ती घरात नुसती चिडचिड करतेय. रविवारी तासभर पाठवू का? खेळायला नको, घोटा मुरगळला तर लिहायचं कसं?' पाय आणि पेपर यांचा संबंध मी विचारला नाही. म्हटलं, पाठवा, खेळायला नाही, लहान मुलींना शिकवायला.

सकाळी सातला हजर. सहावी-सातवीच्या अकरा-बारा मुली रांगेत, विषय डाव्या हाताचा लेअप. तिने बॉल घेतला, 'असं बघा' म्हणाली आणि टाकला. सुंदर. पुन्हा, 'बघा, असं'. पुन्हा. मग वेग वाढवून. मग पाठीमागून ड्रिबल घेऊन, जे कुणी मागितलं नव्हतं. मुली तोंड उघडं टाकून बघत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. वीस मिनिटं अशी गेली, तोवर एकाही मुलीच्या हातात बॉल आला नव्हता. शेवटी रांगेतल्या चष्मेवालीने विचारलं, 'दीदी, पण पहिला पाय कुठला?'

कॅप्टन थांबली. खाली बघितलं. जागेवरच एकदा करून पाहिलं, मग दुसऱ्यांदा. 'डावा... हो, डावा.' आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, बाटलीतलं पाणी प्यायले.

जाताना म्हणाली, 'ताई, खेळण्यापेक्षा जास्त दमले.' पुढच्या रविवारी आई सोडेल म्हणते, मात्र गणिताचा एक पेपर सोडवून दाखवला तरच. आली तर तिला बॉलला हात लावू द्यायचा नाही, रेषेबाहेर हाताची घडी घालून उभं करायचं. तोंडावर बोट नाही. चष्मेवालीला पहिल्या रांगेत घ्यायचं, ती प्रश्न बरे विचारते. आणि शिट्टी मागितली तर द्यायची नाही, गेल्या वर्षी एकीने हरवली.