लेक वनच्या पाण्यात चार दिवस वॉलआय माशाच्या मागे

मिनियापोलिसहून ईली हे गाव साधारण चार तासांवर. तिथून फर्नबर्ग रोड संपतो तिथे लेक वन. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाला लागून असलेल्या बाउंड्री वॉटर्सच्या जंगलात हजाराहून जास्त तळी आहेत. जूनच्या शेवटी आम्ही चौघे मित्र दोन कनू (वल्ह्याच्या अरुंद होड्या) घेऊन त्यातल्या लेक टूवर मुक्कामाला गेलो.

पहिल्या दिवशी लेक वनमध्येच वाट चुकलो. बेटं इतकी की प्रत्येक खाडी सारखीच दिसते. दोन तास गेले. नकाशा पिशवीत ठेवू नका, पुढे बसणाऱ्याच्या मांडीवर हवा, आणि प्रत्येक बेटाशी तो ताडून बघा. पुढे दोन ठिकाणी कनू डोक्यावर घेऊन चालावं लागतं, एक 30 रॉड, दुसरं 40. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. अंतर थोडं, पण सामान जास्त असलं तर फेऱ्या वाढतात. आम्ही खुर्च्या नेल्या, पुढच्या वेळी नेणार नाही.

2011 च्या पगामी क्रीक वणव्यात हा भाग होरपळला होता. काळे उभे खोड आणि त्यांच्या पायाशी दाटलेली कोवळी झाडं बघून मी वल्हं मारायचं थांबवलं होतं.

आता मासे. वॉलआयच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून तो अंधुक उजेडात शिकार करतो. भर दुपारी आम्ही उगाच ऊन खाल्लं. त्या दिवसांत सूर्य नऊच्या पुढे मावळतो. खरी वेळ त्याच्या आधीचा तास आणि नंतरची थोडी सांज, किंवा ढगाळ, लाटा उठलेली दुपार. खडकाळ टोकाजवळ दहा-पंधरा फूट पाण्यात, शिशाच्या डोक्याच्या गळाला जिवंत जळू लावायची, तळाला टेकवायची, वीतभर उचलायची, पुन्हा सोडायची. ओढ हलकी असते, दोरी नुसती जड वाटते.

मांस गोडसर, काटे फार कमी. कोकमाचं आगळ, हळद-मसाला आणि तांदळाचं पीठ लावून तव्यावर तळलं. आगळ घरीच प्लॅस्टिकच्या डबीत भरून न्या, कारण आत काचेच्या बाटल्या आणि डबाबंद पदार्थ चालत नाहीत. पाइक नावाचा मासाही लागला. त्याच्या मांसात इंग्रजी Y च्या आकाराचे काटे असतात. ज्यांना काटेरी पाला मासा खायची सवय आहे, त्यांनीच धीर करावा. या भागात 30 ते 40 इंचांचा पाइक परत सोडावाच लागतो.

रात्री मुक्काम करायचा तर परवाना लागतो, आणि 1 मे ते 30 सप्टेंबरमध्ये परवाने मोजकेच असतात. आरक्षण जानेवारीअखेर उघडतं आणि चांगल्या तारखा लगेच संपतात. परवाना एका ठराविक प्रवेशद्वाराचा आणि तारखेचा असतो. गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार नावा. मासेमारीचं लायसन्स वेगळं, आणि एका माणसाला गळाची एकच दोरी. किती मासे ठेवता येतात ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतून बघून घ्या, आकडे बदलतात.

अस्वलांमुळे खाणं झाडाला उंच टांगा किंवा अस्वल-रोधक डब्यात ठेवा. माशांची घाण मुक्कामाच्या आणि पाण्याच्या जवळ टाकू नका. डासांची जाळी डोक्याला हवीच. आम्ही तीनच नेल्या होत्या, संध्याकाळच्या सगळ्यात चांगल्या तासाला एकाला तंबूत बसावं लागलं.