तिथली विहीर आटत नाही, खारी होते

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये सोसायट्या, हॉस्पिटलं आणि वायनऱ्यांचे आरओ आणि एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट) बनतात. नाशिकरोडला थांबणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस सोडली तर त्या बेटांशी आमचा संबंध नव्हता. त्या सोमवारी टेबलावर ड्रॉइंग आलं ते तिथल्या एका प्रवाळबेटाचं: ३० कॉटेज, स्विमिंग पूल, डायव्हिंग सेंटर, पुढे लॉन. मागणी दोन ओळींची. विहिरीच्या पाण्यासाठी छोटा आरओ, आणि बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) १० च्या आत देणारा एसटीपी. मालकांचे सल्लागार स्वतः आले होते, संध्याकाळपर्यंत कोटेशन घेऊनच निघणार म्हणून.

आधी पाण्याचा हिशेब. चार तारांकित आणि वरच्या हॉटेलला नॅशनल बिल्डिंग कोड खाटेमागे रोज ३२० लिटर धरतो. ६० खाटांचे झाले १९,२००. तिथेच राहणारे ४५ कर्मचारी, माणशी १३५ प्रमाणे ६,०७५. पूलमधली रोजची भर आणि डायव्हिंगचं सामान धुण्याचं पाणी धरून ३०,००० लिटर. नाशिकमध्ये हा आकडा ऐकून कोणी मान वर करत नाही. दहा हजाराचे तीन टँकर.

"विहिरीला गोडं पाणी आहे, मी स्वतः पिऊन आलोय," सल्लागार म्हणाले. असेलच. पण ते आपल्यासारखं काळ्या कातळाच्या भेगांतलं पाणी नव्हे. प्रवाळाच्या वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं. दोन्हींच्या घनतेत फरक इतका थोडा, की समुद्रपातळीच्या वर १ सेंटिमीटर गोडं पाणी असेल तर खाली ४० सेंटिमीटर असतं. आता उलटा हिशेब करा. पंपाने पातळी ५ सेंटिमीटर उतरवली की खालचं खारं पाणी २ मीटर वर चढतं. मधला मचूळ थरही जाड असतो, त्यामुळे पिण्याजोगं हाती येतं ते आणखी कमी. गावच्या विहिरी त्याच भिंगावर चालतात.

आमचे फिटर अण्णा निफाडचे, घरी द्राक्षबाग. हात पुसत पुसत ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे आपली बोअर आटते, तिथली विहीर खारी होते. आटलेली बरी की मग, पावसाळ्यात परत येते तरी."

विहीर बाद केली आणि समुद्राचं पाणी धरलं. क्षार लिटरला ३५ ग्रॅम, दाब ५५ बार. छोट्या प्लांटला ३५ टक्के पाणी गोडं मिळालं तरी पुष्कळ. ३० हजारांसाठी जवळजवळ ८६ हजार लिटर उपसायचं आणि त्यातलं ५६ हजार लिटर परत सोडायचं, तेही लिटरला ५४ ग्रॅम क्षाराचं, म्हणजे ब्राइन. दाबातली ऊर्जा परत घेणारं यंत्र नसेल तर हजार लिटरला सातेक युनिट. दिवसाला २१० युनिट, जनरेटरवर ६० लिटर डिझेल. महिन्याला २०० लिटरची नऊ बॅरल, नुसत्या पाण्यासाठी. एसी, किचन, लाँड्री वेगळी. शिवाय ३१६ ग्रेडचं स्टील, जे आम्ही डोळे झाकून वापरतो, त्याला समुद्राच्या पाण्यात गॅस्केटच्या कडेला खड्डे पडतात. तिथे सुपर डुप्लेक्स हे त्याहून महाग स्टीलच लागतं. किंमत ऐकून सल्लागारांनी पेन खाली ठेवलं.

"ब्राइन सोडायला समुद्र आहेच की."

समोर समुद्र नाही, लगून आहे. प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं उथळ पाणी, ओहोटीला ठिकठिकाणी कमरेइतकं. जड ब्राइन तळाला बसतं, आणि तळालाच प्रवाळ. कड्याच्या पलीकडे न्यायचं तर पाइपासाठी कडाच फोडावा लागतो. लाटा अडवतो तो कडाच. तो गेला की किनारा खचायला लागतो.

एसटीपीची गोष्ट याहून फसवी. आमचा नेहमीचा एमबीबीआर (प्लॅस्टिकच्या तरंगत्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणारी हवेची टाकी) बीओडी १० च्या आत आणतो. पाणी स्वच्छ दिसतं, वास येत नाही, नाशिकमध्ये ते बागेला जातं आणि सगळे खूश. पण त्यात अमोनियाचा नायट्रेट झालेला असतो, गेलेला नसतो. लॉनला घातलेलं हे पाणी सच्छिद्र वाळूतून थेट भिंगात आणि तिथून लगूनमध्ये उतरतं. नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे शेवाळाला खत. शेवाळ वाढलं की प्रवाळ गुदमरतो. म्हणून नायट्रेट काढायला आधी विनाहवेची टाकी, तिच्यात तीन-चार पट फिरवलेलं पाणी, आणि फॉस्फेट बसवायला तुरटीचा डोस. एवढं करूनही एक अडचण उरते. जून ते सप्टेंबर पाहुणे नाहीत, म्हणजे जिवाणूंना खाणं नाही. ऑक्टोबरला रिसॉर्ट एकदम भरतं आणि नायट्रोजन खाणारे जिवाणू पुरते उभे राहायला तीन-चार आठवडे घेतात. पहिला महिना घाण पाणी ठरलेलंच. त्यावर उपाय एकच, रोजच्या २५ हजार लिटरचा एक प्लांट न करता छोटे दोन, आणि त्यातला एक कर्मचाऱ्यांच्या सांडपाण्यावर वर्षभर चालू.

कोटेशनमध्ये न बसणारा खर्च वेगळाच आहे. लक्षद्वीपचे मच्छीमार टुना एकेका गळाने धरतात. त्याला लागणारा जिवंत चारा, बारीक मासे, लगूनमधल्या प्रवाळांच्या आसऱ्याला मिळतो. लगून बिघडलं तर नुकसान त्यांचं. रिसॉर्टचं डिझेल, भाजी (कांदा कदाचित लासलगावचाच), मेंब्रेन, गाद्या सगळं मुख्य भूमीवरून जाणार आणि पाहुण्याच्या बिलातले पैसे त्याच वाटेने परत येणार. बेटावर उरतो पगार, थोडं भाडं आणि एसटीपीचा गाळ. तो वाळवून टाकायलाही जागा हवी, आणि अख्ख्या लक्षद्वीपची जमीन ३२ चौरस किलोमीटर. आपल्या महापालिकेच्या हद्दीत अशी आठ मावतात.

सल्लागारांना हे सगळं भिववणं वाटलं. मग फिलिपिन्सच्या बोराकायचं सांगितलं. सांडपाणी समुद्रात जात होतं म्हणून २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने अख्खं बेट पर्यटकांना बंद. उघडलं ते एका वेळी १९,२१५ पर्यटकांची मर्यादा घालूनच. कर्जाचे हप्ते त्या सहा महिन्यांत थांबले नसणार.

तीन वाजता आम्ही उलटीकडून सुरुवात केली. पाऊस वर्षाला सुमारे १,६०० मिलिमीटर. गळती सोडून छताच्या चौरस मीटरमागे १,२८० लिटर. ३० कॉटेजची १,८०० चौरस मीटर छतं २३ लाख लिटर देतात, म्हणजे ३०×३०×३ मीटरच्या एका शेततळ्याएवढं. हंगामाच्या २४० दिवसांना लागतात ७२ लाख. शेततळं खणताही येत नाही, मीटर-दोन मीटरवर पाणी लागतं. मग पूल आणि लॉन काढलं, खाटेला १८० लिटर धरलं, कॉटेज १४, कर्मचारी २०. रोजचे ८ हजारांच्या आत, हंगामाला १९ लाख. सामाईक इमारतींसह १,२४० चौरस मीटर छतावरून सोळा लाखांच्या आसपास मिळतात. उरलेल्या तीन लाखांपुरता आरओ, तोही सोलरवर.

"चौदावर बँक कर्ज देणार नाही," सल्लागार म्हणाले. खोटं नव्हतं. त्यांनी दोन्ही कोटेशनं मागितली. आम्ही दिली, फक्त ३० च्या कोटेशनमध्ये स्टँडबाय आरओ पर्याय म्हणून न टाकता मूळ किमतीत टाकला. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी मालेच्या, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि नळ कोरडे पडले, तेव्हा भारतातून विमानांनी, जहाजांनी पाणी न्यावं लागलं होतं. ३० कॉटेजसाठी कोण विमान पाठवणार?

देखभालीचा कॉलम भरताना अण्णांनी विचारलं, "जुलैत हाय प्रेशर पंपाचं सील गेलं तर कोण जाणार?" पावसाळ्यात तिकडे छोट्या बोटी बंद. स्पेअरच्या यादीत सीलचे दोन सेट होते, आम्ही चार केले, आणि सील बदलायला तिथल्याच दोन मुलांचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, अंबडला, राहण्या-जेवणासह. सल्लागारांनी पहिली काट मारली ती याच ओळीवर.