फायबरचं विमान आणि आमचं रेझिनचं काम

मी जळगाव एमआयडीसीत फायबरचं काम करतो. पाण्याच्या टाक्या, कूलरचे टब, पंपाची झाकणं. 'हंसा' या आपल्या देशी प्रशिक्षण विमानाचं अंगही काचेच्या धाग्याचं आणि रेझिनचंच (हार्डनर मिसळलं की कडक होणाऱ्या चिकट द्रवाचं) आहे हे कळल्यापासून मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतो. त्याचा फोटो कारखान्यात दाखवला तेव्हा पारोळ्याकडचा आमचा एक कारागीर म्हणाला, "आप्पा, हाई इमान फायबरनं शे?" त्याच्या डोळ्यातला आनंद पाहूनच हे लिहायला घेतलं.

हंसा बंगळुरूच्या एनएएल (नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज) या सरकारी प्रयोगशाळेनं घडवलं. एक इंजिन, शेजारी-शेजारी दोन खुर्च्या. शेजारी बसलं की शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याचे हात दिसतात. अशा अतिहलक्या विमानांच्या नियमात तीन आकडे महत्त्वाचे आहेत. उड्डाणाच्या वेळचं वजन 750 किलोच्या आत. वेग 45 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे 83 किलोमीटरपर्यंत, उतरला तरी पंखांनी विमान धरून ठेवलं पाहिजे. नवशिक्याचा वेग उतरताना हमखास पडतो. आणि पंखांनी वजनाच्या 3.8 पट भार पेलला पाहिजे, आणि राखीव ताकद म्हणून त्या भाराच्याही दीडपटीला मोडता कामा नये. गुणाकार केला तर सव्वाचार टन होतात. सावद्याहून केळी भरून निघालेल्या आयशरमधला माल जणू या पंखांवर ठेवायचा. फायबरवर!

ॲल्युमिनियमचा पत्रा गिरणीतून येतो तेव्हाच त्याची ताकद ठरलेली असते. आमच्या कामात तसं नाही. कापड, रेझिन आणि हार्डनर टेबलावर एकत्र येतात तेव्हा कुठे माल तयार होतो. म्हणजे विमानाची ताकद रोलर फिरवणाऱ्याच्या हातातच जन्माला येते. रेझिन जास्त झालं तर वजन वाढतं, कमी पडलं तर धागा कोरडा राहतो, आणि थरात हवा अडकली तर तिथूनच पापुद्रा सुटतो. टाकीत शंका आली की आम्ही मॅटचा, म्हणजे काचेच्या धाग्याच्या चटईचा, आणखी एक थर मारून मोकळे होतो. विमानात ती सोय नाही. शेपटीत दोन किलो जास्त गेले तर ते इतके मागे असतात की तोल बिघडतो.

म्हणून तिथे रेझिन आणि हार्डनर काट्यावर तोलून घेतात. खोलीचं तापमान आणि हवेतला ओलावा नोंदवतात. भागाबरोबर त्याच मालाची नमुना-पट्टी बनवून ती मशीनवर तोडून बघतात. मे महिन्यात जळगावला पारा 44 वर गेला की आमचं रेझिन बादलीतच घट्ट होतं, हे ज्यानं भोगलंय त्याला या नोंदींची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. उष्णतेचा आणखी एक परिणाम सगळ्यांना दिसतो, पण कारण फार कमी जणांना माहीत असतं: फायबरची विमानं बहुतेक पांढरी असतात. तापलं की रेझिन नरम पडतं. पांढऱ्या अंगासाठी 54 अंश धरून ताकद तपासण्याची पद्धत आहे. गडद रंग दिला तर उन्हात अंग त्याच्या कितीतरी पुढे जातं.

आता मनातलं सांगतो. विष्णू माधव घाटगे या मराठी माणसानं, प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाच्या शिष्यानं, एचटी-2 हे धातूचं प्रशिक्षण विमान घडवलं. ते 5 ऑगस्ट 1951 ला पहिल्यांदा उडालं आणि पुढे दीडशेहून जास्त बनली. हंसा-3 ला 2000 साली प्रमाणपत्र मिळालं, पण विमानं मोजकीच बनली. त्याची नवी आवृत्ती, हंसा-एनजी, 3 सप्टेंबर 2021 ला उडाली. आराखडा होता, परवाना होता, तरी एकामागून एक विमानं बनली नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. कारण मोजक्या मालावर हात टिकत नाहीत. ऑर्डर तुटली की माझ्याकडचा रोलरवर हात बसलेला पोरगा सुरतेला निघून जातो. परत ऑर्डर आली की नव्या पोराला हवा काढण्यापासून शिकवावं लागतं. साचा तोच, रेझिन तेच, पण तुकड्याचं वजन बदललेलं असतं. शंभरावं विमान पहिल्यासारखंच निघायचं तर मागणी सलग हवी, म्हणजे माणसं सलग राहतात.

वैमानिक तर खानदेशातही घडतात. धुळ्याजवळचं गोंदूर, शिरपूर, जळगाव, तिन्हीकडे ही छोटी विमानं उडाली आहेत. मग इंजिनवरचं झाकण, पंखांची टोकं, खुर्च्यांची बैठक असे भाग इथल्या हातांनी का करू नयेत? एपॉक्सी हे जास्त मजबूत रेझिन, थरातली हवा ओढून काढणारी व्हॅक्यूम बॅग, तपासणीचं रजिस्टर, सगळं शिकायची आमची तयारी आहे. रेझिन काट्यावर तोलायला आणि प्रत्येक तुकड्याचं वजन वहीत लिहायला आम्ही टाक्यांवरच सुरुवात केली आहे. उड्डाण प्रशिक्षणातलं कोणी वाचत असेल आणि हँगरमध्ये वापरातून काढलेलं फायबरचं झाकण पडून असेल, तर आमच्या पोरांना ते कापून आतले थर बघू द्या. न्यायला गाडी घेऊन मी स्वतः येईन.