एका ॲल्युमिनियम फिल्टरसाठी: हार्मोनिक दिसेपर्यंतचा माझा अनुभव

पीएच.डी.च्या कामासाठी तीव्र लेसरच्या साहाय्याने आर्गॉन वायूतून उच्च क्रमांकाचे हार्मोनिक, म्हणजे लेसरच्या वारंवारतेच्या कित्येक पूर्ण पटींची वारंवारता असलेला प्रकाश, मिळवण्याचा प्रयोग मी उभा केला. लेसर, निर्वात कक्ष, वायूचा झोत, प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणारे ग्रेटिंग या गोष्टी यथावकाश जमल्या. सारे अडून राहिले ते २०० नॅनोमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम फिल्टरच्या खरेदीपाशी. त्या फाइलची आठवण झाली की अजूनही मनस्ताप होतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी प्रयोगाविषयी थोडक्यात. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा फेमटोसेकंद (अतिशय क्षणिक स्पंदांचा) लेसर वायूवर केंद्रित केला की त्याचे विद्युतक्षेत्र अणूतील इलेक्ट्रॉनला बाहेर खेचते, दूर नेते आणि अर्ध्या आवर्तनानंतर दिशा बदलून पुन्हा मूळ आयनाकडे ढकलते. इलेक्ट्रॉन परतून आयनात सामावला की त्याने मिळवलेली ऊर्जा एका फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते. हे दर अर्ध्या आवर्तनाला घडत असल्यामुळे वायूतून केवळ विषम क्रमांकाचे हार्मोनिक मिळतात. पॉल कॉर्कम यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या या चित्रानुसार फोटॉनची कमाल ऊर्जा म्हणजे आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी) अधिक लेसरच्या क्षेत्रातील इलेक्ट्रॉनच्या सरासरी दोलन ऊर्जेची ३.१७ पट. प्रति चौरस सेंटिमीटर २०० लाख कोटी वॉट तीव्रतेला आर्गॉनसाठी हे उत्तर सुमारे ५४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३५व्या हार्मोनिकच्या आसपास येते.

अडचण अशी, की लेसरच्या ऊर्जेचा एक लाखावा भाग किंवा त्याहूनही कमी भाग हार्मोनिकमध्ये उतरतो आणि उरलेला सगळा अवरक्त प्रकाश त्याच दिशेने पुढे येतो. आमचा सीसीडी शोधक (कॅमेऱ्यासारखा प्रकाश टिपणारा) अवरक्त प्रकाशालाही प्रतिसाद देणारा असल्यामुळे ग्रेटिंग असूनही विखुरलेल्या प्रकाशाने पडदा भरून जाई. ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा लेसर अडवतो आणि साधारण १७ ते ७२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रकाश बऱ्यापैकी जाऊ देतो, म्हणजे आर्गॉनच्या ११व्या हार्मोनिकपासून पुढचे सारे. त्याला पर्याय नव्हता.

खरेदी विभागाने फाइल पहिल्यांदा परत पाठवली ती ॲल्युमिनियम फॉइल स्थानिक बाजारात उपलब्ध असताना आयात कशासाठी, असा शेरा मारून. मी उत्तर लिहिले, की स्वयंपाकघरातील फॉइल किमान पन्नासपट जाड असते आणि जाडीबरोबर शोषण घातांकी वाढत असल्यामुळे तिच्यातून हार्मोनिकचा मागमूसही पलीकडे पोहोचणार नाही. मग तीन दरपत्रके मागितली गेली. जगात असे फिल्टर बनवणारे मोजकेच, हे पटवण्यात पुन्हा वेळ गेला. त्यानंतर ‘मागील खरेदीचा दर’ हा रकाना रिकामा का, अशी विचारणा झाली, आणि संस्थेत ही वस्तू प्रथमच येत आहे हे साधे वाक्य तीन टेबलांवरून फिरून आले. या काळात लेसर चालू होता, झोत चालू होता, त्या कक्षात हार्मोनिक नक्की निर्माण होत होते आणि आम्हाला ते पाहता येत नव्हते. नियम असावेत याबद्दल माझी तक्रार नाही. पण वस्तूच्या नावापलीकडचे तपशीलपत्र कोणीतरी वाचायला हवे होते, असे मला आजही तीव्रतेने वाटते.

अखेरीस फिल्टर आला. तो बसवल्यावर पडद्यावर ऊर्जेच्या मापात समान अंतरावरच्या रेषा उमटल्या. लेसर वर्तुळाकार ध्रुवित करताच, म्हणजे त्याच्या विद्युतक्षेत्राची दिशा गोल फिरती करताच, त्या नाहीशा झाल्या, कारण इलेक्ट्रॉन मग आयनाकडे परततच नाही. हे हार्मोनिकच आहेत याची यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही, आणि त्या दिवशी मला वाटलेला अभिमान मी लपवणार नाही.

काही गोष्टी आठवतील तशा सांगते. फिल्टर बसवलेला असताना हवा अतिशय सावकाश काढावी. दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडला की पापुद्रा फाटतो. झोत लेसरच्या केंद्रबिंदूच्या थोडा पुढे ठेवून पाहावा, आम्हाला तिथे रेषा अधिक ठळक मिळाल्या. केवळ तीव्रता वाढवत नेऊ नये: आर्गॉनचे आयनीभवन चार-पाच टक्क्यांपलीकडे गेले की मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे लेसर आणि हार्मोनिक यांच्या कलांचा, म्हणजे तरंगांच्या चढउतारांचा, मेळ बिघडतो. आयनांपासून हार्मोनिक मिळवणे याच कारणाने कठीण आहे, जरी आर्गॉन आयनाची आयनीभवन ऊर्जा २७.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्यामुळे तो अधिक तीव्रता सोसतो आणि तत्त्वतः पुढची मर्यादा गाठू शकतो. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात धातूच्या पृष्ठभागावरून उडवलेल्या प्लाझ्मातून (आयन आणि मुक्त इलेक्ट्रॉन यांच्या ढगातून) हार्मोनिक मिळवण्याचे उत्तम काम झाले आहे. आयनांकडे वळणाऱ्यांनी ते शोधनिबंध आधी वाचावेत. निऑन वापरल्यास हार्मोनिक ७२.७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे जाऊ शकतात; तिथे ॲल्युमिनियमचे शोषण एकदम वाढते, ती कडा ऊर्जेची मोजपट्टी तपासायला उपयोगी पडते.

आणि खरेदीच्या अर्जात वस्तूचे नाव ‘ॲल्युमिनियम फॉइल’ असे कदापि लिहू नये. ‘अतिनील-क्ष किरण फिल्टर’ असे लिहून जाडी, पारगम्यतेचा आलेख आणि पर्याय का चालत नाही याचा खुलासा पहिल्याच दिवशी जोडावा. मागवायचे ते एकाऐवजी दोन मागवावेत, कारण एक फाटला तर पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरुवात करावी लागते.