आदर्श विद्यार्थी? तो?

शाळेच्या सभागृहातल्या फोटोतला पांढऱ्या गणवेशातला नौदल अधिकारी आणि माझ्या बाकावर बसणारा मुलगा, या दोघांचा मेळ मला अजून घालता येत नाही. नाव फोटोखाली आहेच, इथे परत लिहीत नाही.

आम्ही 1964 चे मॅट्रिक. भूमितीत तो पहिला, संस्कृतात काठावर, आणि वर्गाबाहेर अंगठे धरून उभं राहण्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता. एनडीएचा, म्हणजे सैन्याधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, फॉर्म भरला तेव्हा मास्तर म्हणाले, "आठवडाभर टिकला तरी पुष्कळ." तिथली तीनही वर्षं पठ्ठ्याने काढली.

खडकवासल्याहून सुट्टीला आला की डोक्यावर केस नसायचे आणि खिशात दोरीचा तुकडा असायचा. बोलाइन ही खलाशांची गाठ त्याने मला शाळेच्या कट्ट्यावर शिकवली. दोरी कमरेभोवती घ्यायची, मनगटाला गिरकी देऊन फास करायचा, टोक मागून फिरवून पुन्हा फासात घालायचं. सगळं एका हाताने, कारण पाण्यात पडलेल्याचा दुसरा हात काहीतरी धरून असतो. मला ती अजून जमते. गंमत म्हणजे नौदलात जाऊनही त्याला बोट लागायची! "आईला सांगू नकोस," असं पत्रात बजावलं होतं.

पुढे तो 'खुकरी' या युद्धनौकेवर गेला. 1971 च्या डिसेंबरात कराची बंदरावरच्या हल्ल्याची बातमी आली, तेव्हा ब्लॅकआउटच्या अंधारातही आळीत जल्लोष झाला. 9 तारखेच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने 'खुकरी'वर टॉर्पेडो डागला. काही मिनिटांत जहाज बुडालं. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच आहे. तेवीस वर्षांच्या सब-लेफ्टनंटवर कोण लिहिणार?

घरी तार आली ती बेपत्ता असल्याची. काही जण वाचलेत असं कळताच त्याचे वडील मुंबईला गेले आणि रुग्णालयात खाटेमागून खाट पाहत फिरले. परत आल्यावर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आता शाळा त्याच्या नावाने शिस्तीसाठी 'आदर्श विद्यार्थी' बक्षीस देते. ऐकून तो पोट धरधरून हसला असता. हीरकमहोत्सव समितीला विनंती, पुढच्या वर्षापासून ते भूमितीला द्या. रक्कम वाढवायची असेल तर आमची बॅच भर घालायला तयार आहे.