आयटीआयला जाणाऱ्या पोरांना आधी प्लांट रूम दाखवा

जळगाव-धुळ्याकडची मोठी रुग्णालयं, कॉलेजं, शीतगृहं, मॉल, सगळीकडे एकच रड आहे: मेंटेनन्सला पोरं मिळत नाहीत आणि मिळाली तर टिकत नाहीत. दुसरीकडे आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन, वायरमन, रेफ्रिजरेशन होऊन बाहेर पडलेली आपलीच पोरं सुरत, नाशिक, चाकणची गाडी धरतात. पगार हे कारण आहेच. पण आमच्या मते त्याच्याही आधीचं कारण म्हणजे हे काम कुणाला दिसतच नाही. फॅसिलिटी, म्हणजे इमारतीची देखभाल, म्हटलं की लोकांना गेटवरचा वॉचमन आणि मॉप मारणाऱ्या मावशी आठवतात. त्यांचं काम मोलाचं आहेच, पण तळघरातला चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र), जनरेटर, फायर पंप कुणी पाहिलेलाच नसतो. गावात कुणी ‘तुना पोऱ्या काय करस?’ विचारलं तर ‘कंपनीत आहे’ म्हणणं सोपं असतं. ‘दवाखान्याचा चिलर सांभाळतो’ म्हणायचं तर बापाने एकदा चिलर पाहिलेला हवा.

म्हणून पोस्टर छापण्यापेक्षा प्लांट रूमचं, म्हणजे ही यंत्रं जिथे असतात त्या खोलीचं, दार उघडा. वेळ दिवाळीनंतर ते जानेवारी. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. निकालानंतर आयटीआयचे फॉर्म निघतात, तोवर घरात निर्णय होऊन गेलेला असतो. एका वेळी दहावीची आठ-दहा मुलंच आणि सोबत जमतील तितके पालक. त्यापेक्षा जास्त घेतली तर जनरेटरच्या आवाजात मागच्यांना काही ऐकू जात नाही. बंद बूट आणि इअरप्लग सक्तीचे. प्रोजेक्टरवरचं भाषण नको.

पहिलं दाखवायचं जनरेटर. लोड (जनरेटरवर किती यंत्रं, दिवे चालणार ते) ठरवून मेन सप्लाय बंद करा आणि मुलांना सेकंद मोजायला लावा. एएमएफ पॅनल (जनरेटर आपोआप सुरू करणारं पॅनल) सप्लाय गेल्याचं ओळखतं, इंजिनाला स्टार्ट देतं, व्होल्टेज स्थिर झाल्यावर लोड घेतं. साधारण 10 ते 15 सेकंदांत दिवे परत येतात आणि तेवढा वेळ ऑपरेशन थिएटर यूपीएसवर असतं. मग सांगा की ऐन वेळी जनरेटर सुरू झाला नाही तर बहुतेकदा दोष इंजिनाचा नसतो, बॅटरीचा असतो. नुसतं मीटर लावून 12.6 व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी चांगली असं नाही. स्टार्टर फिरताना 12 व्होल्टची बॅटरी 9.6 च्या खाली गेली तर ती बदलायची वेळ झाली. दर आठवड्याला नुसता रिकामा चालवलेला जनरेटरही खराब होतो. कमी लोडवर डिझेल पूर्ण जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं तेल गळू लागतं. चाचणी किमान 30 टक्के लोडवर घ्यावी.

दुसरं म्हणजे मेन पॅनल, आणि इथे जरा थांबा, कारण पोरांचे डोळे इथेच चमकतात. पॅनल अधिकृत माणसानेच उघडायचं, मुलं रेषेमागे. त्यांच्या हातात इन्फ्रारेड थर्मामीटर द्या. विजेच्या आर, वाय, बी या तीन फेजपैकी आर आणि वायच्या जोडावर 55 अंश, बी फेजवर 85. का? आधी क्लॅम्प मीटरने करंट बघायचा. बी फेजचा करंटच जास्त असेल तर लोड तिन्ही फेजवर नीट वाटलेला नाही. करंट सारखा आणि तापमान जास्त असेल तर लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) सैल झाला आहे. सैल जोडाचा रोध वाढतो, रोधामुळे तो तापतो, तापून-थंड होऊन आणखी सैल होतो. असा जोड चालू लाइनवर आवळायचा नाही. सप्लाय बंद, ब्रेकरला कुलूप, त्यावर काम करणाऱ्याच्या नावाचा टॅग, टेस्टरने खात्री, मग टॉर्क रेंच. आणखी एक खुबी: चकचकीत उघड्या तांब्यावर थर्मामीटर खोटं, कमी तापमान दाखवतं. शेजारच्या स्लीव्हवर किंवा काळ्या टेपवर नेम धरायचा.

आपल्याकडे या रीडिंगला विशेष किंमत आहे. सर्वसाधारण थर्मल-मॅग्नेटिक ब्रेकर 40 अंश तापमान धरून बनवलेला असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरच 44-45 असतं, बंद पॅनलमध्ये त्याहून बरंच जास्त. मग ब्रेकर ठरलेल्या करंटच्या आधीच ट्रिप होतो आणि कुणीतरी मोठा ब्रेकर बसवून टाकतो. हे धोक्याचं आहे, कारण मग संरक्षण जातं आणि केबल जळते. पॅनल रूममधली हवा बाहेर काढणारा एक्झॉस्ट नीट चालवणं हा खरा इलाज.

तिसरं, कूलिंग टॉवर, म्हणजे चिलरची उष्णता पाण्याच्या वाफेतून बाहेर टाकणारा मनोरा. इथे शाळेतलं गणित कामाला येतं. 100 टन (हे थंड करण्याच्या क्षमतेचं माप, वजन नव्हे) क्षमतेचा चिलर पूर्ण लोडवर असताना टॉवरमधून ताशी सुमारे 650 लिटर पाणी वाफ होऊन जातं. क्षार मात्र मागे राहतात, म्हणून थोडं पाणी सोडून द्यावं लागतं. क्षार तिप्पट होईपर्यंतच पाणी वापरलं तर ताशी 325 लिटर सोडावं लागतं. पाचपट चालवलं तर साधारण 160. म्हणजे तासाला 160 लिटरच्या वर पाणी वाचलं, आणि जिथे नळाला दिवसाआड पाणी येतं तिथे हे सांगावं लागत नाही. पण बोअरचं पाणी जड असेल आणि सॉफ्टनरचं (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचं) मीठ वेळेवर टाकलं नसेल, तर पाचपट चालवण्याच्या नादात कंडेन्सरच्या नळ्यांत खार बसतो, प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसर भर दुपारी ट्रिप होतो.

रावेर-यावलच्या मुलांना मात्र केळीच्या रायपनिंग चेंबरपासून, म्हणजे केळी पिकवायच्या थंड खोलीपासून, सुरुवात करावी. 16 ते 18 अंश, आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर, इथिलीन (फळ पिकवणारा वायू) सुमारे 100 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग, पहिले 24 तास, नंतर हवा बदलून कार्बन डायऑक्साइड बाहेर. पिकताना केळी स्वतःच उष्णता सोडते. अशात कॉइलवर बर्फ धरला किंवा पंखा बंद पडला की वरच्या थप्पीतली साल हिरवी राहते आणि आतला गर मऊ होतो. माल 13 अंशांखाली गेला तर साल काळवंडते. ज्याच्या घरी बाग आहे त्या मुलाला या चुकीची किंमत समजावून द्यावी लागत नाही.

पोरगं आलं, पुढे टिकवायचं कसं? पहिल्या तीन महिन्यांत ते जातं ते बहुतेक दोन कारणांनी: बारा तासांची ड्यूटी, आणि दिवसभर शिडी धरणं, टेबलं हलवणं. आठ तासांच्या तीन पाळ्या लावा आणि एक जोडी सेफ्टी शूज पहिल्याच दिवशी द्या. कंत्राटदाराकडून माणूस घेत असाल तरी या दोन गोष्टी करारात लिहून घ्या. लॉगबुकात रीडिंगशेजारी ‘कालच्यापेक्षा वेगळं का’ असा एक रकाना ठेवा. तो नसला की महिनाभर रोज बॅटरीचं तेच 13.2 व्होल्ट उतरवलं जातं आणि मीटरकडे कुणी बघत नाही.

वर जायची वाटही पहिल्या आठवड्यात तोंडी नाही, कागदावर द्यावी. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. वायरमन परवाना, पुढे सुपरवायझर परवाना काढता येतो. परीक्षेच्या दिवसांत पाळी बदलून देण्याची तयारी हवी. अप्रेंटिस कायदा 1961 चा आहे आणि 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यात कंत्राटी माणसंही मोजली जातात. ही जागा फाइली उचलायला न वापरता प्लांट रूममध्ये वापरा.

मुलींसाठी वेगळं आवाहन छापण्याआधी तळघरात त्यांचं स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली आहे का ते बघा, आणि दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा घरापर्यंत गाडी कोण देणार हे ठरवा. पालक मुलाखतीत पहिला प्रश्न हाच विचारतात.