रोटोरुआच्या पाइनला लागलेला करपा

खानापूर-जांबोटीकडे पावसाची झड लांबली, ऊन पडेना झालं की शेतकऱ्याचं लक्ष भातावरच्या करप्याकडे. इथे न्यूझीलंडमध्ये, रोटोरुआच्या आसपास, जंगलवाल्यांना तशीच धास्ती पाइनच्या झाडांवरच्या करप्याची असते.

इथल्या लागवडीच्या जंगलात दहातली नऊ झाडं रेडिएटा पाइनची, मूळची कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची. काइंगारोआच्या जंगलातून गाडीने जाताना मैलोन्‌मैल दुसरं झाड दिसत नाही. मला काळजी वाटते ती याचीच. सगळं रान एकाच जातीचं, वर पाऊस भरपूर; बुरशीला आणखी काय हवं?

डोथिस्ट्रोमा नावाची ही बुरशी इथे १९६४ मध्ये सापडली. रोगट फांदी मी हातात घेऊन पाहिली. रेडिएटाच्या सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पानं, तीन-तीनच्या जुडीत येतात. देठाकडे सुई हिरवीगार, मध्ये विटकरी लाल पट्टा, पुढचं टोक वाळलेलं. पट्ट्यावर बारीक काळे फोड. तो लाल रंग बुरशीच्या विषाचा. पाऊस पडला की फोडांतले बीजाणू थेंबांबरोबर उडतात आणि शेजारच्या सुईवर बसतात. धुक्यातूनही पुढे जातात. हवा उबदार आणि सुई बराच वेळ ओली, की रोगाने पकडलंच. झाड खालून वर झडत जातं. सहसा मरत नाही, पण सुयाच राहिल्या नाहीत तर खोड पोसणार कशावर?

औषध मात्र आपल्या ओळखीचं. सुपारीच्या कोळे रोगावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मारतात ना, त्यातलंच तांबं इथे १९६६ पासून विमानाने फवारतात. सरसकट नाही, रोग वाढलेल्या पट्ट्यातच. जोडीला विरळणी आणि खालच्या फांद्यांची छाटणी, म्हणजे हवा खेळती राहून सुया लवकर वाळतात. झाड साधारण १५ वर्षांचं झालं की स्वतःच तग धरतं.

बुरशी मात्र कायमची गेली नाही. शिवाय तिचे नर-मादीसारखे दोन प्रकार असतात. युरोपात दोन्ही आहेत, इथे एकच. दुसराही येऊन पोहोचला तर त्यांच्या संकरातून नवे, कदाचित जास्त चिवट वाण तयार होतील. बाहेरच्या रोपांची, मातीची इथे एवढी धास्ती का, ते मला हे कळल्यावर पटलं. ऑकलंडच्या विमानतळावर बुटाला लागलेली मातीसुद्धा तपासतात.

म्हणून बेळगाव-निपाणीकडून लेकी-मुलांकडे येणाऱ्या काका-मावशींना कळकळीची विनंती. शेतात घातलेल्या चपला-बूट घासून, धुऊन, वाळवूनच बॅगेत भरा. कढीपत्त्याचं रोप, अळूचे कंद, देशी वांग्याचं बी आणू नका. खाण्याचं जे असेल ते फॉर्ममध्ये लिहा. लपवलेलं सापडलं तर ४०० डॉलर दंड जागेवर होतो. आणि कुंदा दुधाचा, तो अडवतील. त्यापेक्षा मेतकूट, चटणीची पुडी आणा, तीही फॉर्ममध्ये लिहूनच.